न्हाव्याच्या घरचा पत्ता

मोठेबाबांचं आणि माझं शेवटचं बोलणं एका न्हाव्याबद्दल झालं. माघातली दुपार होती. वर्ध्याजवळ पिपरी मेघे गावातल्या माझ्या घराच्या गच्चीवर मी तुरीची डाळ वाळत घालत होते आणि फोन वाजला. "मंगला, लागला का वं त्या न्हाव्याच्या घरच्यायचा पत्ता?" कशी आहेस नाही, काय करतेस नाही, एकदम न्हावी. मी म्हटलं, "पाहून राह्यली मोठेबाबा, सध्या जरा कामात आहो." काम म्हणजे ती डाळ. "बरं, पाहजो. त्याच्याबी पोराले वाटत असन..." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. चार दिवसांनी सकाळीच सुधाकरचा, त्यांच्या मुलाचा, फोन आला. "बाबा गेले वं ताई. चहा पेऊन खाटेवर बसले होते, बसल्या जागीच..." मला रडू आलं नाही. राग आला. कोणाचा, ते तेव्हा कळलं नव्हतं. आता कळलं आहे, म्हणून तर हे लिहायला बसले.

वामनराव झाडे, राहणार नाचणगाव. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, वयानं मोठे, म्हणून आम्हा सगळ्यांचे मोठेबाबा. त्यांचे वडील किसन हे माझ्या सख्ख्या आजोबांचे थोरले भाऊ, पणजोबा सखारामांचे मोठे चिरंजीव. दुसऱ्या महायुद्धात ते फौजेत गेले तेव्हा मोठेबाबा पाळण्यात होते, आणि परत आले नाहीत तेव्हाही ते धड चालत नव्हते. म्हणजे बाप नावाच्या माणसाची या मुलाकडे एकही आठवण नाही. फोटो नाही, पत्र नाही, एक टोपीसुद्धा नाही. होती ती फक्त एक गोष्ट, आणि तीही दुसऱ्याची. किसन आजोबांबरोबर गावातले गुलाबराव भरती झाले होते. भरतीनंतर लगेच दोघांच्या पलटणी वेगळ्या झाल्या. गुलाबराव युद्ध संपल्यावर परत आले आणि पुढं चाळीसेक वर्षं पारावर बसून तीच गोष्ट सांगत राहिले. मी शाळेत असताना ती त्यांच्या तोंडून कितीदा तरी ऐकली आहे.

"तुहा बाप दोन शब्दांत फौजेत गेला, वामन," ते म्हणायचे. "पुलगावच्या टेसनाजवळ मेज टाकून बाबू बसला होता, हिंदीवाला. आमची ही रांग. बाबूनं इचारलं, नाम? तं हा म्हणे, किसन. बाबू म्हणे, आगे कुछ? तं हा म्हणे, नाई. झालं! बाबूनं लिवून घेतलं. बापाचं नाव, गावाचं नाव, बायकोचं नाव, समदं मंग म्याच सांगतलं. हा आपला दगडावानी उभा." आणि पारावरचे सगळे हसायचे. किसन आजोबा किती अबोल होते, याचा हा दाखला. घरात कोणी गप्प बसलं की अजूनही आम्ही म्हणतो, हा किसनबावर गेला. सगळ्या गावाला ती गोष्ट पाठ होती. आणि सगळ्या गावाला, मला धरून, तिचा अर्थ कळला नव्हता.

मग कधीतरी घरी आजीच्या नावानं सरकारी कागद आला. तो कागद मी पाहिलेला नाही, तो कधीच वाळवीच्या पोटात गेला. पण त्याचं वाचन घरात तोंडपाठ होतं. गावच्या मास्तरांनी तो इंग्रजी कागद वाचला आणि अनसूया आजीला, मोठेबाबांच्या आईला, सांगितलं की तुमचा नवरा हरवला आहे. मास्तरांनी शब्दाला शब्द बरोबर सांगितला, त्यांना दोष कसा देणार? पण आजी होती बारा-चौदा महिन्यांच्या लेकराची आई, वय वीससुद्धा नसेल. ती म्हणाली, "हरवला म्हंजे सापडन." आणि तिनं कुंकू पुसलं नाही. मरेपर्यंत पुसलं नाही. गावातल्या बायका हळदीकुंकवाला तिला बोलवायच्या की नाही यावरून आपसात भांडायच्या, आणि ही न बोलावता जाऊन पाटावर बसायची. नवऱ्याचं श्राद्ध करायचं तर सोडाच, पितृपक्षात त्यांच्या नावानं पान ठेवू म्हटलं तरी ती ताट भिरकावून द्यायची. म्हणून मोठेबाबांनी आई असेपर्यंत वडिलांच्या नावाचा घास कधी टाकला नाही.

आजी गेल्यावर सगळ्यांना वाटलं की आता सुटलो. सर्वपित्री अमावास्येला, ज्यांची तिथी ठाऊक नाही त्या सगळ्यांबरोबर, किसन आजोबांचंही पान ठेवून टाकू. पण मोठेबाबा अडून बसले. "माहा बाप काय बेवारशी हाय? तो कोनत्या तरी दिवशी मेला ना? मंग त्याच दिवशी पान ठेवीन." आम्ही म्हणायचो, मोठेबाबा, अहो ज्याची तिथी कळत नाही त्याच्यासाठीच अमावास्या आहे, शास्त्रात सोय आहे. ते म्हणायचे, "सोय तुमची हाय. त्याची नाई." माणूस मऊ होता एरवी, मुंगीसुद्धा ओलांडून जाणारा. पण या एका बाबतीत त्यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. दर सर्वपित्रीला सगळं घर जेवायला बसायचं आणि हे बाहेर ओट्यावर. मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, आत पानं वाढता वाढता चिडून म्हणायची, "एका तारखेपायी वर्साचा सण उपाशी काढते हा मानूस." मीही त्यांच्याशी खूप भांडले आहे. एकदा तर म्हणाले, "तारीख कळून काय होणार, ते परत येणार आहेत का?" ते शांतपणे म्हणाले, "येनार नाई. पन जातीन तरी."

ती तारीख शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत त्यांनी नोकरी धरली तीही याचसाठी. गिरणीत जास्त चांगलं काम मिळत होतं, तरी हे डेपोत. म्हणे, फौजी लोकांच्या जवळ राहिलं की कधी ना कधी पत्ता लागेल. नवा कोणी साहेब आला की चार दिवस जाऊ द्यायचे आणि मग हात जोडून उभे राहायचे. साहेब, हमारे पिताजी लढाई में गये थे. साहेब लोक भले असायचे, बसवून घ्यायचे, चहा द्यायचे, आणि विचारायचे, नंबर क्या था? तिथंच घोडं अडायचं. सैनिकाचा नंबर होता त्या कागदावर, आणि कागद वाळवीनं खाल्लेला. मग पत्रं सुरू झाली. त्यांचा मजकूर मी लिहून द्यायचे, कारण मी शाळेत लिपिक, माझं अक्षर आणि इंग्रजी बरं. कुठकुठल्या कचेऱ्यांना पत्रं गेली त्याची गणती नाही. उत्तरं यायची तीही साच्यातून काढल्यासारखी. 'सदर नावाची नोंद आढळत नाही. कृपया सैनिक क्रमांक कळवावा.' झाडे हे आडनाव इंग्रजीत जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितक्या तऱ्हांनी मी लिहून पाहिलं. शेवटी शेवटी मला वीट आला होता, हे कबूल करते. पत्राचा मसुदा करताना मी मनातल्या मनात म्हणायचे, की आता पुरे करा.

आणि ती पेन्सिल. नाचणगावच्या घरी समोरच्या खोलीत दाराशेजारी दरवर्षी नवं कॅलेंडर लागायचं, आणि त्याच खिळ्याला सुतळीनं बांधलेली एक लाल पेन्सिल लटकायची. कॅलेंडर बदलायचं, पेन्सिल तीच. तिला टोकच काढलेलं नव्हतं. एकदा दूधवाल्याचा खाडा टिपायला मी ती हातात घेतली आणि वैतागून विचारलं, "मोठेबाबा, हिले टोक काऊन नाही केलं? शोभेची बांधली का?" ते हसले. "टोक केलं तं हे घरचे लोक तिनं दूध लिवतीन, गॅस लिवतीन. बाबाची तिथी सापडली का मंग टोक करीन, अन् पयले तेच लिवीन." सुधाकरनं दुधासाठी वेगळा पेन ठेवला. पेन्सिलीला कोणी हात लावत नसे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि नावं सांभाळणारी एक परदेशी संस्था आहे आणि तिची यादी आता फोनवर बघता येते, असं मला कोणीतरी सांगितलं. मी मोठेबाबांना घरी बोलावलं. ते सकाळच्या एसटीनं आले, धुतलेलं धोतर, खिशात चष्मा, जसं काही मुलगी बघायला आले. दोघं सोफ्यावर शेजारी बसलो. मी झाडे शोधलं. नाही. दुसरं स्पेलिंग. नाही. मग मी म्हटलं की वर्धा टाकून बघू, जितके येतील तितके वाचू. एकेक नाव बोटानं सरकवत होते. त्यांना त्या बारीक इंग्रजी अक्षरांतलं काही दिसत नव्हतं, ते माझ्याच तोंडाकडे बघत होते. एका नावाशी माझं बोट थांबलं, कारण गाव नाचणगाव दिसलं. पण पुढं लिहिलं होतं नाई. हिंदीत नाई म्हणजे न्हावी, त्या काळी फौजेत जातीनं नावं लिहीत, हा कोणी न्हावी आहे, आपला नाही. एवढा विचार माझ्या डोक्यात एका क्षणात झाला आणि बोट पुढं गेलं. "थांबली काऊन?" मोठेबाबांनी विचारलं. "काही नाही. एक न्हावी आहे तुमच्या गावचा." यादी संपली. चहा झाला. जाताना चपला घालता घालता म्हणाले, "मंगला, त्या न्हाव्याच्या घरच्यायले कळवलं पायजे वं. त्याच्याबी पोराले तिथी माहीत नसन."

मी म्हटलं, हो हो. कोण करतं?

पण त्यांनी केलं. गावातल्या न्हाव्यांच्या दोन्ही घरी जाऊन आले. आठवड्यानं फोन. "मंगला, आपल्या गावातून न्हाव्याचं कोनीच गेलं नोतं लढाईवर. म्हातारे लोक सांगते. तू बराबर पाह्यलं का?" आणि मी, या तोंडानं, त्यांना म्हणाले, "मोठेबाबा, मी तीस वर्षं शाळेत नावंच लिहिली आहेत." खरंच लिहिली आहेत. दाखल-खारीजच्या रजिस्टरात देवरावचा देवराम झालेला मी निस्तरला आहे, आईचं नाव बापाच्या जागी पडलेलं पाहिलं आहे. सांगणारा एका भाषेत सांगतो आणि लिहिणारा दुसऱ्या भाषेत ऐकतो, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तेव्हा ते बिचारे म्हणाले, "तसं नाई वं, तू बराबरच पाह्यलं असन. मंग तो कोन्या दुसऱ्या गावी गेला असन त्याचा वंश. शोधजो." आणि तेव्हापासून चार वर्षं दर महिन्या-दोन महिन्यांनी तोच प्रश्न. स्वतःच्या बापाचा शोध बाजूला ठेवून हा माणूस एका परक्या न्हाव्याच्या मुलासाठी मला छळत होता. आणि मी डाळ वाळत घालत होते.

दहाव्याचे विधी पुलगावला वर्धा नदीवर झाले. हल्ली बायकाही जातात, आम्ही वरच्या पायऱ्यांवर बसलो होतो. खाली भाऊबंदांचे केस उतरवणं चाललं होतं. नाचणगावचा न्हावी लग्नाच्या कामात अडकलेला, म्हणून पुलगावात दुकान टाकलेला उत्तरेकडचा एक माणूस आणला होता. सगळ्यांचं झालं, तसा त्यानं वस्तरा पुसत विचारलं, "और कोई है?" सुधाकर ओल्या टकलावरून हात फिरवत म्हणाला, "नाई." त्यानं पटकन मान वर केली. "हाँ जी, बोलिए." एक क्षण कोणाला काही कळलं नाही. मग जो हशा पिकला! दहाव्याच्या दिवशी, नदीवर, सुतकी माणसं पोट धरून हसली. सुधाकरही हसला. मला हसू आलं नाही. मला पारावरचे गुलाबराव आठवले. नाम? किसन. आगे कुछ? नाई... त्या बाबूनं विचारलं होतं की पुढं काही, आणि आमच्या माणसानं आमच्या बोलीत सांगितलं की नाही. आणि हिंदीवाल्या बाबूनं ते ऐकलं तसं, लिहिलं. किसन नाई.

फोन पर्समध्ये होता. तिथंच पायरीवर बसून उघडला. यादी, वर्धा, नाचणगाव. हा आला. किसन नाई. चार वर्षांपूर्वी मी इथंच थांबले होते, आणि 'नाई' दिसताच पहिलं नाव न वाचता पुढं गेले होते. नावावर बोट दाबलं तसा खालचा मजकूर उघडला. सखारामचा मुलगा. अनसूयेचा नवरा. नाचणगाव, वर्धा, मध्य प्रांत. कबर नाही, ब्रह्मदेशातल्या एका स्मारकाच्या खांबावर नाव कोरलेलं. आणि मृत्यूची तारीख... पूर्ण, दिवस-महिना-वर्षासकट. फक्त एकदा दाबायचं होतं मला. फक्त ते नाव मोठ्यानं वाचायचं होतं. शेजारी माझ्या तोंडाकडे बघत बसलेल्या माणसाला 'किसन' एवढा एक शब्द ऐकू गेला असता तरी पुरे होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथं तर कळसा माझ्या बोटाखाली होता आणि वळसा मी त्यांना घालायला लावला.

सुधाकरला मी तिथंच सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "म्हंजे बाबा त्या न्हाव्याच्या पोरापायी फिरून राह्यले होते, तो पोरगा..."

घरी आल्यावर सुधाकरच्या मुलीनं फोनवर त्या तारखेची तिथी काढली. माघ वद्य सप्तमी. मी यंदाचं कॅलेंडर पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. मोठेबाबा गेले त्यानंतर चौथ्या दिवशीच ती येऊन गेली होती. ऐन सुतकात. आता तिथी कळूनही उपयोग नव्हता. वरातीमागून घोडं म्हणायचं, तर इथं घोडंही आलं आणि नवरदेवच नाही.

तेरवी झाली तसं मी निदान ते नाव तरी नीट करून घ्यावं म्हणून खटपट सुरू केली. खांबावरचं राहू द्या, यादीत तरी नाई जाऊन झाडे व्हावं. अर्ज लिहिला. उत्तर सभ्य आलं. किसन नाई आणि किसन झाडे ही एकच व्यक्ती असल्याचा पुरावा द्या. पुरावा कुठला, गुलाबरावांची पारावरची गोष्ट? मी इथल्या एका कचेरीत गेले, तिथला माणूस भला होता. म्हणाला, "बाई, प्रतिज्ञापत्र करून देऊ की एकच व्यक्ती आहे म्हणून. सगळ्यात जवळचा वारस कोण? मुलगा आहे का हयात?" मी म्हटलं, "होता. मागच्या महिन्यापर्यंत होता." तो ओशाळला. मग नातवाच्या नावानं करू म्हणाला, पण आधी मुलाच्या मृत्यूचा दाखला जोडा, आणि दाखल्यावर वडिलांचं नाव बरोबर आहे ना ते पाहून घ्या. मी दाखला पाहिला. 'वामन किसनजी झाडे' हवं होतं, टाइप झालं होतं 'वामन किशनजी झाडे'. आता आधी तो दुरुस्त करायचा आहे. मी खुर्चीवर बसून हसले की रडले, मला आठवत नाही. तीस वर्षं मी टेबलाच्या त्या बाजूला बसले, ही बाजू कशी असते ते आता कळतं आहे.

गेल्या रविवारी नाचणगावला गेले. समोरच्या खोलीत कॅलेंडर तसंच होतं. सुधाकरनं माघातलं पान उलटून त्यावर वडिलांची तिथी लिहून ठेवलेली होती, दुधाच्या पेनानं, ठळक. ती लिहायला कोणाला काही शोधावं लागलं नव्हतं. शेजारी सुतळीला लाल पेन्सिल. मी मोठी आईला म्हटलं, "भाद्रपदात पितृपक्षातली सप्तमी येते. त्या दिवशी पान ठेवता येईल. लिहून ठेवू का?" ती पदराला हात पुसत आली. जरा वेळ पेन्सिलीकडे बघत उभी राहिली. "ते तं तिकडं गेले, त्यायले भेटलाच असन त्यायचा बाप," ती म्हणाली, माझी समजूत घालायला. मला ते पटलं नाही, आणि मी तसं बोललेही. त्यांना वरती नको होतं ते. त्यांना इथं पाहिजे होतं, या भिंतीवर, या पेन्सिलीनं, आणि ते मी देऊ शकत होते. मोठी आई आत गेली आणि त्यांच्या दाढीच्या डब्यातलं पातं घेऊन आली. "टोक कर मंग. आतालोक तुहीच वाट पाहून राह्यली ते."

त्या पात्यानं मी पेन्सिलीला टोक काढलं. वर्षानुवर्षं सुकलेलं लाकूड, सालपं भराभरा पडली. भाद्रपदाचं पान उलटलं, वद्य सप्तमीची चौकट शोधली आणि तीत जितकं बारीक लिहिता येईल तितकं लिहिलं. मोठी आईला वाचता येत नाही. ती माझ्या खांद्याशी येऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, "बराबर लिवलं ना वं?"

मी चष्मा लावला, बोट अक्षराखाली धरलं, आणि तिला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं. किसन सखाराम झाडे.